विजेचा सांडवा : घरातील रेडिओयंत्रे, अर्थिंग आणि आपली मराठी

(अकादमीच्या विज्ञानलेखन कार्यशाळेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय वाचून दोघातिघांनी मला विचारले की भाषेच्या अकादमीत अर्थिंगचे काय काम? प्रश्न रास्त आहे. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवले आणि घरच्या माडीवर परवाना घेऊन हौशी रेडिओचे केंद्र चालवतो. कथाकवितेच्या वाटेला कधी गेलो नाही. पण माझ्या क्षेत्रातली एक चूक मला वर्षानुवर्षे दिसत आली आहे, ती जीवघेणी आहे, आणि तिचे मूळ तारेत नाही, शब्दात आहे. म्हणून इथे बोलायला आलो.

आधी त्या शब्दाची गोष्ट सांगतो. डोंगराकडच्या एका विद्यालयात बिनतारी यंत्रणा बसवली होती. इमारतीच्या टोकाला लोखंडी खांब, खांबावर अँटेना आणि तिथून केबल मुख्याध्यापकांच्या खोलीत. यंत्राबरोबर मराठी सूचनापत्रक आले होते. त्यात लिहिले होते, ‘उपकरणास स्वतंत्र व योग्य भूसंपर्क द्यावा.’ वायरमन प्रामाणिक होता. त्याने खिडकीखाली एक नवी सळई ठोकली, यंत्राची तार तिला जोडली, आणि शाळेच्या जुन्या अर्थिंगला, जे इमारतीच्या दुसऱ्या टोकाला मीटरपाशी होते, हातही लावला नाही. स्वतंत्र म्हटले, तर स्वतंत्र! मे महिन्यातल्या वळवात खांबाजवळच्या माडावर वीज पडली. यंत्र जळाले, शेजारचा संगणक जळाला आणि भिंतीतला स्विचबोर्ड तडकून बाहेर आला. सुट्टी असल्याने खोलीत कोणी नव्हते.

मी नंतर मूळ इंग्रजी पत्रक पाहिले. तिथे शब्द होता ‘डेडिकेटेड’. म्हणजे त्या यंत्रासाठी राखून ठेवलेली, दुसऱ्या कोणाची वाटणी नसलेली तार. ती तार शेवटी घराच्या एकाच अर्थिंगला मिळायला हवी, हे लिहिणाऱ्याने गृहीत धरले होते. मराठीत ‘राखीव’चे ‘स्वतंत्र’ झाले आणि अर्थाचा अनर्थ झाला. मराठीत अर्थिंगच्या तारेला वायरमन नुसते ‘अर्थ’ म्हणतात. ‘या बोर्डाला अर्थच नाही,’ असे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. साहित्यिकांना ते गमतीचे वाटेल, आम्हांला त्याची भीती वाटते.

आता स्वतंत्र अर्थिंग वाईट का, ते समजून घेऊ. त्यासाठी थोडे आकडे लागतील, पण ते सातवीच्या गणिताबाहेरचे नाहीत.

जमीन म्हणजे काही तांब्याची परात नव्हे. मातीला रोध असतो. समजा यंत्राच्या सळईचा मातीशी रोध ८ ओहम आहे. आकाशातून पडलेल्या विजेचा प्रवाह साधारण ३० हजार अँपिअर असतो, कधी याहून पुष्कळ जास्त. त्यातला एक तृतीयांशच, म्हणजे १० हजार अँपिअर, या सळईतून मातीत उतरला असे धरू. १० हजार गुणिले ८ म्हणजे ८० हजार व्होल्ट. तेवढ्या क्षणापुरती ती सळई, तिला जोडलेले यंत्र आणि यंत्राची पेटी दूरच्या जमिनीच्या मानाने ८० हजार व्होल्टवर चढते. इमारतीच्या दुसऱ्या टोकाचे अर्थिंग मात्र जवळजवळ होते तिथेच असते. आणि या दोहोंना जोडणारा पूल कोणता? यंत्राची वीजपुरवठ्याची तीनपदरी दोरी. तिच्यातली हिरवी तार प्लगमधून बोर्डात आणि बोर्डातून जुन्या अर्थिंगकडे जाते. म्हणजे दोन जमिनींमधले भांडण यंत्राच्या पोटात लढले जाते. यंत्राला हात लावून कोणी बसला असेल, तर त्याच्या छातीतही.

दिवाडीच्या किंवा चोडणच्या फेरीबोटीतून जाणाऱ्यांना हे चटकन कळेल. भरतीचे पाणी चढते तेव्हा धक्क्याला लागलेल्या दोन होड्या एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतील, तर दोन्ही बरोबरच वर चढतात. मधल्या फळीवरून म्हातारा माणूसही चालत जाईल. एक होडी पाण्यावर आणि फळीचे दुसरे टोक दगडी धक्क्यावर असेल, तर पाणी चढल्यावर फळी कलंडणारच. वीज पडल्यावर घराची जमीन ‘चढते’. तिला चढण्यापासून कोणी रोखू शकत नाही. आपल्या हातात एवढेच आहे की घरातले सगळे एकदम, बरोबरीने चढावे. यंत्र, बोर्ड, अँटेनाचा खांब, पाण्याची लोखंडी नळी, टेलिफोनची पेटी, सारे एकमेकांशी जाड तारेने बांधलेले असले की त्यांच्यात फरक उरत नाही आणि फरक नसेल तर प्रवाह वाहत नाही. तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही ते याच कारणाने.

म्हणून खांबासाठी नवी सळई ठोकायला हरकत नाही, ठोकलीच पाहिजे. पण ती घराच्या मूळ अर्थिंगला उघड्या जाड तांब्याच्या तारेने किंवा पट्टीने, शक्यतो जमिनीखालून, जोडलीच पाहिजे. सळया दहा असोत, अर्थिंग एक. सूचनापत्रकात हे वाक्य असते तर विद्यालयाचे नुकसान बरेच कमी झाले असते. वायरमनला ते नक्की समजले असते.

दुसरी अडचणही भाषेचीच आहे. ‘अर्थिंग’ या एका शब्दाखाली आपण तीन वेगवेगळी कामे कोंबली आहेत. पहिले काम आहे झटक्यापासून रक्षण. यंत्राच्या आत फेजची तार सुटून पत्र्याला लागली, तर प्रवाहाला परत जायला सोपी वाट हवी, म्हणजे फ्यूज वितळेल किंवा एमसीबी पडेल. हे २३० व्होल्टचे, ५० हर्ट्झचे, संथ काम आहे. दुसरे काम आकाशातल्या विजेला मातीत उतरवण्याचे. ते काही मायक्रोसेकंदांत उरकते. तिसरे काम रेडिओलहरींचे: काही प्रकारच्या अँटेनांना आपला अर्धा भाग म्हणून जमीन लागते. हे तिसरे काम जिवावर बेतणारे नाही, फार तर प्रसारण अशक्त होईल. पण हौशी मंडळी चर्चा करतात ती बहुधा या तिसऱ्याची, आणि त्यातून निघालेला सल्ला पहिल्या दोघांना चिकटवतात. ‘रेडिओला स्वच्छ अर्थ हवा, घरच्या अर्थमध्ये गोंगाट असतो, तो तोडून टाका,’ हा सल्ला मी परवाना असलेल्या, चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. गोंगाटावर उपाय आहेत. केबलवर फेराइटची कडी चढवा, दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर बदला. हिरवी तार तोडणे हा उपाय नाही.

मराठीत ‘वीज’ हाही शब्द दोन्हीकडे चालतो. वीज गेली, वीज पडली. इंग्रजीत त्यासाठी दोन शब्द आहेत. मला आपली सोय जास्त शहाणी वाटते, कारण गोष्ट खरोखर एकच आहे. पण लिहिताना मात्र सांगावे लागते की आपण कोणत्या विजेबद्दल बोलतो आहोत, कारण दोघींची चाल फार वेगळी.

किती वेगळी, ते पाहा. खिडकीपासून सळईपर्यंत तीन मीटर तांब्याची तार आहे, १० चौरस मिलिमीटर जाडीची. तिचा रोध सुमारे पाच मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा दोनशेवा भाग. १० हजार अँपिअर संथपणे वाहवले तर तिच्या दोन टोकांत ५० व्होल्टच्या आसपास फरक पडेल. वायरमन म्हणेल, उत्तम तार आहे. पण आकाशातली वीज संथ वाहत नाही. तिचा प्रवाह एका मायक्रोसेकंदात शून्यापासून हजारो अँपिअरवर जातो, आणि सरळ तारेलाही दर मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री एवढे स्वप्रवर्तन असते. बदलाला विरोध करणे हा त्याचा स्वभाव. मायक्रोसेकंदाला १० हजार अँपिअर या वेगाने प्रवाह चढला, तर त्याच तीन मीटरच्या तारेवर ३० हजार व्होल्ट पडतात. तार तीच, आणि फरक पन्नासचा तीस हजार झाला! म्हणून तार जाड असण्यापेक्षा आखूड असणे महत्त्वाचे. गोल तारेपेक्षा रुंद पट्टी बरी, कारण तिचे स्वप्रवर्तन कमी. काटकोनात वळवू नका, मोठी सैल वळणे द्या. उरलेली तार तोडायला जीव होत नाही म्हणून तिचे सुबक वेटोळे करून खिळ्याला टांगणारे लोक आहेत. त्या वेटोळ्याने अर्थिंगची वाट जवळजवळ बंदच होते.

हे समजले की आपल्याकडे सारखा विचारला जाणारा एक प्रश्न निम्मा गळून पडतो: ‘अर्थिंग किती ओहमचे हवे?’ मेगर लावून मोजलेला आकडा उपयोगाचा आहे, विशेषतः पहिल्या कामासाठी. पण एक ओहमचा दाखला भिंतीवर लावून दहा मीटर तार वळवत वळवत नेली असेल, तर आकाशातल्या विजेच्या दृष्टीने तो दाखला कोरा कागद आहे.

तरी मातीबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण आपण ज्या जमिनीवर उभे आहोत ती या कामाला कठीण आहे. गोव्याचा पुष्कळसा भाग जांभ्याचा. चिरे काढून घर बांधायला उत्तम, पण सळई ठोकायला आणि प्रवाह पसरवायला वाईट. पावसाळ्यात मुरलेले पाणी जांभा धरून ठेवत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये, नेमका वळवाचा गडगडाट सुरू होतो तेव्हा, वरचा थर कोरडाठाक असतो. माळव्यातल्या काळ्या मातीत हेच काम सोपे. ओल टिकते, रोध कमी. तिथली अडचण अशी की उन्हाळ्यात ती माती भेगाळते आणि सळईपासून सुटते. बेळगावकडे एकाच तालुक्यात दोन्ही प्रकार सापडतात. म्हणून इंदूरच्या मित्राने एका सळईत भागवले म्हणजे फोंड्यातही भागेल, असे नाही.

आपल्याकडची जुनी पद्धत खड्ड्याची. भारतीय मानक आयएस ३०४३ मध्ये तिची मापे आहेत: जस्ताचा मुलामा दिलेली नळी किमान अडीच मीटर लांब, किंवा ६० सेंटिमीटर चौरस पत्रा. भोवती कोळसा आणि मीठ, वर नरसाळे, आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी. अजूनही ही पद्धत वाईट नाही, पण मीठ लोखंडाला खाते आणि पावसात वाहून जाते. दहाबारा वर्षांनी नळी उरली आहे की नुसते नरसाळे, ते उकरल्याशिवाय कळत नाही. आता तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादी सळया मिळतात. एक खोल जात नसेल तर तीनचार ठोका, त्यांच्यात निदान सळईच्या लांबीएवढे, जमल्यास दुप्पट अंतर ठेवा आणि जमिनीखालून पट्टीने एकमेकींना जोडा. घराभोवती अशी पट्टी पूर्ण फिरवली तर जांभ्यावर त्याहून चांगला उपाय नाही. नळाच्या पाइपला अर्थ जोडण्याची जुनी सवय मात्र सोडा. पूर्वी पाइप लोखंडी होते आणि मैलभर जमिनीखालून येत. आज कुंपणाबाहेर प्लास्टिकची नळी असते आणि त्या जोडाला काहीच अर्थ उरत नाही.

खाऱ्या हवेचा त्रासही आपल्याच वाट्याचा. तांब्यावर हिरवट कळंक चढतो, तांबे आणि जस्त थेट एकत्र आवळले तर जस्त कुजते, आणि बाहेरून घट्ट दिसणारा सांधा आतून सुटलेला असतो. दर वर्षी कौले शाकारायला माणूस येतो तेव्हाच हे सांधे सोडून, घासून पुन्हा आवळून घ्यावेत.

आता सर्ज प्रोटेक्टरकडे वळतो, आणि इथे पुन्हा शब्द आडवा येतो. दुकानांत, पत्रकांत, निविदांत शब्द दिसतात: तडितरोधक, उसळीरोधक, सर्ज अरेस्टर. या सगळ्यांत कोणीतरी कोणाला तरी रोखतो आहे. ऐकणाऱ्याच्या मनात बांधाचे चित्र उभे राहते. पेटी भिंतीवर बसवली की वीज तिथे येऊन अडेल. वस्तुस्थिती अशी की ही साधने काहीही अडवत नाहीत. ती बाजूला वाट उघडतात. धरणाच्या भाषेत बोलायचे तर ती बांध नाहीत, सांडवा आहेत. आणि सांडव्याच्या खाली नदीचे पात्र हवे. अर्थिंग नसलेल्या बोर्डात शंभर रुपयांची किंवा दहा हजारांची, कोणतीही सर्ज पट्टी खोचली तरी फेज आणि न्यूट्रलमधली थोडी उसळी खाण्यापलीकडे ती काही करू शकत नाही. जमिनीकडची वाट तिला नाहीच. प्लगची वरची जाड पिन तोडून तो दोन भोकांच्या सॉकेटात बसवणारा माणूस सांडवा विकत घेऊन पात्र बुजवत असतो. न्यूट्रललाच अर्थच्या भोकात जोडून देणारा याहून वाईट. न्यूट्रलची तार कुठे तुटली की यंत्राच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात.

सांडव्याचे दोन प्रकार ओळखीचे असावेत. एक वायूनळी: चण्याएवढी चिनीमातीची डबी, आत वायू आणि दोन टोके. ठरावीक व्होल्टेजपर्यंत ती तारेशी जोडलेली आहे हे कळतही नाही. त्यापुढे गेले की आत ठिणगी पेटते आणि ती जवळजवळ सरळ तारच होते. अँटेनाच्या केबलवर हीच लावतात. निवडताना एक हिशोब करावा. तुमचा प्रेषक १०० वॅटचा आणि केबल ५० ओहमची असेल, तर बोलताना केबलवर शिखराशी १०० व्होल्ट असतात. मग ९० व्होल्टची नळी लावली तर ती तुम्ही बोलायला तोंड उघडताच पेटेल. अँटेना नीट जुळलेली नसेल तर व्होल्टेज याहूनही चढते, म्हणून २३० किंवा त्यावरची नळी घ्यावी. दुसरा प्रकार धातूच्या ऑक्साइडची चकती, जिला सगळे एमओव्ही म्हणतात. ती वायूनळीपेक्षा लवकर जागी होते आणि वीजपुरवठ्याच्या बाजूला तीच वापरतात. तिचा दोष असा की प्रत्येक उसळीनिशी ती थोडी झिजते, आणि झिजता झिजता एके दिवशी स्वतःच तापू लागते. चांगल्या साधनात तिच्याबरोबर उष्णतेने सुटणारा खटका असतो आणि ती मेली की सांगणारी खूण असते. हिरवी खिडकी लाल होते. ती खिडकी जिथे दिसेल अशी पेटी बसवावी. कपाटामागे हिरवे-लाल बघायला कोणी जात नाही. खाजनाच्या बांधातली मानस ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवे वाटू नये: दार पाण्याच्याच जोराने उघडते आणि मिटते, माणूस लागत नाही, पण फळ्या कुजल्या आहेत का ते कोणीतरी जाऊन बघावे लागते.

हे सांडवे बसवायचे कुठे? कोकणातल्या जुन्या घरात बाहेरून आलेला माणूस अंगणात पाय धुऊनच पडवीत चढायचा. तारांनाही तोच नियम लावा. अँटेनाची केबल, ती फिरवणाऱ्या मोटारीची केबल, टेलिफोन, इंटरनेट, शक्य असेल तर वीजपुरवठाही, सगळ्यांनी घरात एकाच जागेने यावे. तिथे भिंतीवर तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा एक पत्रा. प्रत्येक केबलचा सांडवा त्या पत्र्यावर आवळलेला, आणि पत्र्यापासून सळईपर्यंत आखूड रुंद पट्टी. आत टेबलावरच्या सर्व यंत्रांच्या पेट्याही याच पत्र्याला जोडलेल्या. मग बाहेर काहीही होवो, टेबलावरच्या वस्तूंमध्ये आपापसांत फरक पडत नाही. बहुतेक घरांत आज नेमके उलटे आहे: वीज पुढच्या दारी, अँटेना गच्चीवरून, डिशची केबल स्वयंपाकघराच्या झरोक्यातून. ऑप्टिकल फायबर आले म्हणून निर्धास्त असणाऱ्यांना एवढेच सांगतो की काच वीज वाहून नेत नाही हे खरे, पण तिला आधार देणारी पोलादी तार नेते.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण आपल्या टेबलावरची मांडणी दिसते तितकी नवी नाही. १७५२च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये मार्ली-ला-व्हिल येथे बेंजामिन फ्रँकलिनच्या सूचनेप्रमाणे उंच लोखंडी सळईतून ढगाची वीज उतरवली गेली, आणि युरोपभर विद्वानांनी तोच खेळ मांडला. सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीतले प्राध्यापक गेओर्ग विल्हेल्म रिखमान यांनी आपल्या घराच्या छपरावर सळई उभारून तिची तार घरात आणली होती. तिच्या टोकाला मोजपट्टी आणि दोरा. वीज किती चढली तसा दोरा पट्टीपासून दूर होई. ही सळई जमिनीला जोडलेली नव्हती. जोडली असती तर मोजायला काही उरलेच नसते. ऑगस्ट १७५३ मध्ये वादळ येताना पाहून रिखमान अकादमीच्या बैठकीतून घरी धावले, बरोबर एक चित्रकार होता. दोरा पाहायला ते वाकले आणि तारेतून निघालेला गोळा त्यांच्या कपाळावर आदळला. ते जागीच गेले, चित्रकार बेशुद्ध पडून वाचला. छपरावर धातू, तिथून आत आलेली तार, तारेच्या टोकाला नाजूक यंत्र, यंत्रावर वाकलेला कुतूहलाने भरलेला माणूस आणि मध्ये सांडवा नाही: आजही पुष्कळ रेडिओखोल्यांचे वर्णन याच शब्दांत करता येईल.

‘आम्ही वादळात केबल काढून ठेवतो,’ असे बरेच जण सांगतात. काढावीच. पण काढलेले टोक ठेवता कुठे? काचेच्या बाटलीत टोक घालून ठेवण्याची एक जुनी चाल आहे. जी वीज किलोमीटरभर हवा फोडून खाली आली, ती बाटलीच्या गळ्याशी लाजून थांबेल असे मानायचे का? हवेचा एक सेंटिमीटर फोडायला सुमारे ३० हजार व्होल्ट पुरतात. टोक घराबाहेर, पत्र्यापाशीच काढा आणि तिथे जमिनीला जोडून ठेवा. यंत्राचा प्लगही काढा. आणि हे सगळे वादळाआधी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे; तेव्हा केबलला हात लावायला जाऊ नये. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाला की मग जावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे अॅप आता फोनवर जवळपासची वीज दाखवते. ते शिक्षकांच्या फोनमध्ये असावे.

एवढा खटाटोप करण्याऐवजी रेडिओच नको, असे कोणाला वाटेल. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. हौशी केंद्र म्हणून नेलेली यंत्रे त्या दिवसांत अंदमानची खबर मुख्य भूमीला देण्याच्या कामी आली. फोन पडतात तेव्हा रेडिओ लागतो, आणि फोन बहुधा वादळातच पडतात. वादळात जळणारे यंत्र अशा वेळी निरुपयोगी.

देशात वीज पडून दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांत आहे. त्यातली बहुसंख्य शेतात, झाडाखाली, उघड्यावर. रेडिओशी त्यांचा संबंध नाही. पण त्यांच्यासाठी लिहिलेल्या सूचनांची मराठी आणि आमच्या यंत्रांबरोबर येणारी मराठी यांचा साचा एकच. ‘योग्य ती दक्षता घेण्यात यावी.’ ‘आवश्यक भूसंपर्क सुनिश्चित करण्यात यावा.’ कोणी घ्यायची? कशाला कशाशी जोडायचे? ‘योग्य’ म्हणजे किती? क्रियापद कर्त्याशिवाय लोंबकळते आणि काम करणारा माणूस स्वतःच्या समजुतीने मोकळी जागा भरतो. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी वर्गात एक सराव करून घेत असे. असे एक वाक्य द्यायचे आणि म्हणायचे, हे वायरमनला फोनवर सांगा. मग मुले लिहीत, ‘खांबाची सळई आणि मीटरजवळची सळई एकमेकींना जोडा. तार जमिनीखालून न्या. वेटोळे ठेवू नका.’ तीन वाक्ये, एकही परिभाषिक शब्द नाही. मला भूसंपर्क, भूयोजन या शब्दांचे वावडे नाही. पाठ्यपुस्तकात ते हवेत. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला ‘अर्थिंग’ म्हणावे. रोधक या शब्दाबद्दल मात्र माझी तक्रार कायम आहे. ‘सर्ज सांडवा’ हा शब्द कोणी हसण्यावारी नेला तरी चालेल, निदान चित्र तरी खरे उभे राहील. इथे कोशाचे काम करणारी मंडळी बसली आहेत, त्यांनी विचार करावा.

एक चिठ्ठी आली आहे, तिचे उत्तर देऊन थांबतो. ‘आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, जमिनीत सळई ठोकणे शक्य नाही. मुलाला परवाना मिळाला आहे. काय करावे?’

खाली अंगणात वेगळी सळई ठोकून दहा मीटर तार वर आणू नका. वर सांगितल्याप्रमाणे त्या तारेचा विजेला उपयोग नाही, आणि ती मूळ अर्थिंगला जोडली नाही तर धोकाच. आधी ज्या सॉकेटावर यंत्र चालणार, त्याची हिरवी तार मीटरपर्यंत खरोखर जाते का, ते परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. इन्व्हर्टर बसवताना ती मध्येच तोडलेली पुष्कळ ठिकाणी सापडते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर मालकांना सांगून बसवून घ्या. टेबलाखाली एक जाड पत्रा ठेवा. अँटेनाच्या केबलचा सांडवा त्या पत्र्यावर आवळा, यंत्र आणि संगणकाच्या पेट्या आखूड तारेने त्याला जोडा, आणि पत्र्याची जोडणी त्याच सॉकेटाच्या अर्थला करा. सगळी यंत्रे एकाच सर्ज पट्टीवर, एकाच सॉकेटात असू द्या. इमारतीच्या गच्चीवर खांब उभारायचा नाही. बाल्कनीतली छोटी अँटेना पुरे. एप्रिलपासून पाऊस स्थिरावेपर्यंत, आणि पुन्हा हस्ताच्या पावसात, वापर नसेल तेव्हा अँटेना काढून ठेवा आणि प्लगही काढून ठेवा. मुलाला परवाना मिळाल्याबद्दल माझे अभिनंदन सांगा. त्याचे पहिले बोलणे कोणत्या लहरीवर होणार ते मला कळवले, तर मीही कान लावून बसेन.